रात्री बाराची मोटार : पाणी, वीज आणि अन्न यांचा एकत्र हिशोब

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन घेतले आहेत.)

मागपर्यंत ऐकू येतंय ना? बरं.

पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय, 'पाणी, ऊर्जा आणि अन्न यांचे एकात्मिक व्यवस्थापन'. वाचूनच निम्मी मंडळी आली नसतील. त्यामुळे मी व्याख्या वगैरे बाजूला ठेवते आणि माझ्या मामांच्या शेतावरून सुरुवात करते.

सोलापूर जिल्ह्यात, अगदी कोरडवाहू म्हणावं अशा पट्ट्यात त्यांची सहा एकर जमीन. सुट्टीत आम्ही तिथे जायचो. लाइट यायची रात्री बाराला. म्हणजे गावात दिवे असायचे, पण मोटार चालायला थ्री फेज लागते, ती बारानंतर. मामा हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडं घेऊन दारं धरायला निघायचे. एक वाफा भरला की दार मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं, असं पहाटेपर्यंत. सापाची भीती, थंडी, आणि मध्येच लाइट गेली की नुसतं बांधावर बसून राहायचं. पुढे 'ऑटो' आला. ऑटो म्हणजे मोटारीला लावलेला साधा स्विच. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू, गेली की बंद. मामांची रात्रीची झोप परत आली. पण मोटार चालू असताना शेतात कुणीच नाही. वाफे भरायचे, बांध फुटायचा, पाणी ओढ्याला लागायचं. आणि सकाळी मामी घागर घेऊन हापशावर जायची, तर हापसा नुसता हवा ओढायचा.

रात्रभर ओढ्याला गेलेलं पाणी आणि सकाळी हापशाला न आलेलं पाणी एकाच खडकातलं होतं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

आज जगभर ज्याला 'नेक्सस' म्हणतात, ते हेच. २०११ साली जर्मनीत बॉन शहरात पाणी, ऊर्जा आणि अन्नसुरक्षा या विषयावर मोठी परिषद झाली, तिथून हा शब्द धोरणांच्या कागदपत्रांत शिरला. मराठीत त्याला कुणी 'अनुबंध' म्हणतं, कुणी 'सांगड'. मला 'गुंता' हा शब्द बरा वाटतो. एक दोरा ओढला की बाकीचे दोन आवळतात, म्हणून. पण परिषदेच्या किती तरी आधीपासून आपल्या प्रत्येक विहिरीवर हा गुंता बसलेला आहे. मोटार पाणी उपसते, त्याला वीज लागते आणि त्यातून पीक येतं. तीन खाती, तीन मंत्री, तीन अर्थसंकल्प. आणि ते तिघं जिथे भेटतात ती जागा म्हणजे पाच एचपीची मोटार.

आता थोडा हिशोब करू. घाबरू नका, शाळेतलाच आहे.

हजार लिटर पाणी, म्हणजे एक घनमीटर, शंभर मीटर वर उचलायला किती वीज लागते? भौतिकशास्त्राप्रमाणे कमीत कमी ०.२७ युनिट. पण मोटार, पंप, पाइप, फूटव्हॉल्व्ह यांत बरीच वीज वाया जाते. शेतावरचा सर्वसाधारण पंप ३० ते ४० टक्के कार्यक्षमतेने चालतो असं धरलं, तर खरी गरज पाऊण युनिटाच्या आसपास जाते. हेच पाणी दहा मीटरवरच्या विहिरीतून काढलं तर लागते त्याच्या एक दशांश वीज. पाणी दहापट खोल गेलं की वीज दहापट. पीक तेच, रान तेच, वीज मात्र दहापट. आणि ही जास्तीची वीज वापरून आपण काय करतो, तर पाणी आणखी खोल घालवतो.

महाराष्ट्रात हे जास्त बोचतं, कारण आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर आहे. पंजाबच्या खाली गाळाचे थर आहेत, स्पंजासारखे, शेकडो मीटर. आपल्याकडे पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तिथे साठा थोडा, पावसावर भरणारा. पाचशे-सातशे फुटांवर बोअर मारली आणि पाणी लागलं, तर आपण नारळ फोडतो. पण बऱ्याचदा ते वर्षानुवर्षं जमलेलं पाणी असतं किंवा शेजारच्याच्या विहिरीचं. राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' मानून तिच्यावर बंधनं घातली आहेत. बोअरची गाडी गावात येते तेव्हा हा कायदा किती जणांना आठवतो, ते तुम्हीच सांगा.

देशाचं चित्र सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार भारत वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो आणि त्यातलं ८७ टक्के सिंचनाला जातं. चीन आणि अमेरिका यांचा उपसा एकत्र केला तरी आपण त्यांच्या पुढे. देशातल्या एकूण विजेचा साधारण सहावा हिस्सा शेतीला लागतो. हे कुठल्या एका धरणाच्या योजनेत ठरलेलं नाही. दोन कोटींहून जास्त विहिरी-बोअरवाल्यांनी आपापल्या बांधावर घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज आहे.

हे सगळं शेतकऱ्याच्या हावरेपणामुळे झालं, असं शहरात सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. सत्तरच्या दशकात काय झालं बघा. हरितक्रांतीचं बियाणं आलं, त्याला वेळेवर पाणी हवं. ७२ चा दुष्काळ झाला, बोअर मारणारी यंत्रं आली. खेडोपाडी वीज पोचली. आणि वीज मंडळांसमोर अडचण उभी राहिली, शेतात विखुरलेल्या लाखो पंपांचे मीटर वाचायचे कुणी? बिलापेक्षा वसुलीचा खर्च जास्त. म्हणून एकामागून एक राज्यांनी मीटर काढून टाकले आणि एचपीवर ठरावीक दर लावला. प्रशासनाच्या दृष्टीने अगदी व्यवहारी निर्णय. पण त्यामुळे पुढचा एक तास मोटार चालवायचा खर्च शून्य झाला. पुढे निवडणुकांत तो ठरावीक दरही कमी होत गेला आणि काही राज्यांत पूर्ण माफ झाला. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर मंडळांनी शेतीचा पुरवठा रात्रीवर ढकलला, डीपी जळाली तर आठ-पंधरा दिवस दुरुस्ती नाही, व्होल्टेज नाही, मोटारी जळतात. मग शेतकरी म्हणतो, अशा विजेचं बिल कशाला भरू? आणि मंडळ म्हणतं, बिल न भरणाऱ्याला चांगली वीज कशाला देऊ? मीटर नसल्यामुळे आणखी एक सोय झाली, गळती आणि चोरीही 'शेतीचा वापर' या खात्यात टाकता येते. कुणाचं किती, ते कळायला मार्गच नाही.

आता मला ज्या मुद्द्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय, तो. रात्रीची वीज पीक ठरवते.

विचार करा, तुम्हाला आठवड्यातून काही रात्री, कधी येईल कधी जाईल अशी आठ तास वीज मिळते. तुम्ही काय लावाल? भाजीपाला लावला आणि दोन पाळ्या चुकल्या तर पीक गेलं. ज्वारी-करडईला फार पाणी नकोच, पण भाव? ऊस मात्र सोसतो. एक पाळी चुकली तर तो पिवळा पडतो, मरत नाही. उभ्या उसात रात्री दार मोडून पाणी सोडलं आणि घरी येऊन झोपलं तरी चालतं. शिवाय कारखाना नेणार, दर कायद्याने ठरलेला. त्यामुळे बेभरवशाच्या विजेवर सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक हे सगळ्यात सुरक्षित पीक ठरतं. मामांनी तेच केलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

उसाचं पाणी किती? सोडपाण्याच्या उसाला वर्षात साधारण दोन मीटर, म्हणजे २००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. गुणाकार केला की ८० लाख लिटर. यातलं वीसेक लाख पावसाने दिलं असं समजू, उरलेलं ६० लाख लिटर उपसायचं. शंभर मीटरवरच्या बोअरमधून उपसलं तर एकराला साडेचार हजार युनिट वीज. एकरी ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा धरला, तर एक किलो साखरेमागे साधारण अठराशे लिटर पाणी. चहातली एक चमचा साखर म्हणजे नऊ लिटर. आत्ता बाहेर सगळ्यांनी चहा घेतलाच आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आठवतं? सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीत दहा टँकर, पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघितलं. वरचा हिशोब लावा. एका एकर उसाला उपसलेलं पाणी म्हणजे तशा बारा गाड्या. कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात लिहिलंय की, महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. या आकड्यावर वाद आहेत, काही जण तो कमी सांगतात. पण कमी म्हणणारेही निम्म्याच्या खाली फारसे येत नाहीत.

आता पश्चिमेकडे चला, कोयनेला. कोयना धरण कृष्णा खोऱ्यात, क्षमता १०५ टीएमसी. पण वीजघरासाठी पाणी बोगद्यातून उलट्या दिशेला, कोकणात सोडतात. साधारण पावणेपाचशे मीटरचा उतार मिळतो, त्यामुळे दर हजार लिटरमागे एक युनिटाहून थोडी जास्त वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायला मान्यता दिलेली आहे. आणि पूर्वेकडे काय चाललंय? कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना. तेच खोऱ्याचं पाणी विजेने टप्प्याटप्प्याने वर चढवून आटपाडी, जत, सांगोल्याकडे न्यायचं. एका बाजूला पाणी खाली सोडून वीज करायची, दुसऱ्या बाजूला वीज जाळून पाणी वर चढवायचं. म्हैसाळची वीजबिलं थकली म्हणून पंप बंद आणि धरणात पाणी असूनही कालवा कोरडा, असे दिवस त्या भागाने बघितलेत. शेवटी सरकारने ८१-१९ चं सूत्र काढलं, बिलाचे ८१ टक्के शासनाने भरायचे, १९ टक्के लाभधारकांनी. दुष्काळी वर्षी मग बैठक बसते, कोयनेतलं किती पाणी विजेला आणि किती खाली सिंचनाला.

यावर 'कोयनेची वीज बंद करा' असं म्हणणं सोपं आहे. पण जलविद्युतची खासियत अशी की, ती काही मिनिटांत चालू करता येते. संध्याकाळी सात वाजता सगळ्या राज्याचे दिवे एकदम लागतात, तेव्हा कोयना कामाला येते. सौर वीज त्याच वेळी मावळलेली असते. म्हणजे सूर्याची वीज जितकी वाढेल तितकी संध्याकाळची कोयना जास्त मोलाची होणार. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तोही मुंबईला वीज देणाऱ्या धरणाविरुद्धच होता. पाणी विजेला की शेताला हा वाद आपल्याकडे नवा नाही.

औष्णिक विजेलाही पाणी लागतंच. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे जुन्या केंद्रांनी एका युनिटला साडेतीन लिटरच्या आत राहायचं. परळीचं वीजकेंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. मराठवाड्यात दुष्काळ, शेतकऱ्याला मोटारीसाठी वीज हवी, आणि नेमकं त्याच वेळी वीजकेंद्राला पाणी नाही.

आता दोन राज्यांच्या गोष्टी सांगते, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. एकाकडून काय करू नये, आणि दुसऱ्याकडून अर्धं काय करावं.

पंजाबात मुळात भात हे प्रमुख पीक नव्हतं. देशाला धान्य हवं होतं, सरकारने हमीभावाने खरेदीची खात्री दिली, १९९७ पासून शेतीची वीज मोफत. भात पसरला, पाणी खाली गेलं. आज तिथला उपसा वर्षाच्या पुनर्भरणाच्या दीडपटीहून जास्त आहे. शेतकरी मे महिन्याच्या कडक उन्हात लावणी करायचे आणि पाणी वाफ होऊन जायचं, म्हणून २००९ मध्ये कायदा आला, १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. कल्पना चांगली. लावणी पुढे गेली, तशी कापणीही पुढे गेली. पण गव्हाची पेरणी काही थांबत नाही. हातात उरले दोन-तीन आठवडे, आणि शेतात हार्वेस्टरने मागे सोडलेला पेंढा. सगळ्यात स्वस्त उपाय काय? काडी लावणे. आधीही जाळायचे, पण आता ते ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात, जेव्हा वारा पडलेला असतो आणि हवा गार होऊन खाली बसते. धूर दिल्लीपर्यंत जातो. दिल्लीच्या हवेत इतर पुष्कळ घाण आहे, सगळं पंजाबवर ढकलू नये, पण पाणी वाचवायच्या कायद्याने धुराची तारीख पुढे नेली हे अभ्यासकांनी नीट दाखवलंय. पाणी, वीज, अन्न, आणि चौथा दोरा हवेचा. कायदा करणाऱ्याने फक्त पाण्याकडे बघितलं होतं.

गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजना राबवली. जवळपास १८ हजार गावांत घरांची तार वेगळी आणि शेतीची वेगळी केली. घरांना, गिरणीला, शाळेला २४ तास वीज. शेतीला आठच तास, पण पूर्ण दाबाने आणि आधी जाहीर केलेल्या वेळी. यामागे आणंदला काम करणारे तुषार शाह यांच्यासारख्या अभ्यासकांचा विचार होता. तो असा की, मीटर लावायला राजकारण परवानगी देणार नाही, तर निदान तासांचं रेशनिंग शहाणपणाने करा. पाण्याची गरज असते तेव्हा चांगली वीज द्या, बाकी वेळी आखडा. घराच्या लाइनवर कंडेन्सर लावून चोरून मोटार चालवणं बंद झालं. गावातल्या बायकांना आणि छोट्या धंद्यांना तर वरदानच मिळालं.

पण यातही कुणाचं तरी गेलं. ज्यांच्याकडे स्वतःची विहीर नाही, असे वाटेकरी आणि छोटे शेतकरी शेजाऱ्याकडून पाणी विकत घ्यायचे. विहीरवाल्याला तास कमी मिळाल्यावर त्याने आधी आपलं रान भिजवलं. विकायला पाणी उरलं नाही, उरलं ते महाग झालं. फायदा-तोट्याचे तक्ते मांडताना हा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. आपल्याकडेही गावठाणाचा फीडर वेगळा करायचं काम झालं, त्यात असा विचार कुणी केला होता का, हे शोधण्यासारखं आहे.

सौर पंपांकडे येते. हा आजचा प्रश्न आहे.

दिवसा वीज मिळाली पाहिजे ही शेतकऱ्याची मागणी शंभर टक्के रास्त आहे. रात्री दारं धरताना विजेच्या धक्क्याने, साप चावून माणसं मेली आहेत. सौर पंप किंवा सौर फीडर ती मागणी पूर्ण करतो. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आहे, राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आहे, मागेल त्याला सौर पंप आहे. त्यात २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. माझी काळजी वेगळी आहे. आतापर्यंत भूजलाला वाचवणारी एकच गोष्ट होती, लोडशेडिंग. फार वाईट पद्धत, पण तेवढाच एक ब्रेक. स्वतःच्या शेतातलं सौर पॅनेल सकाळी ऊन आलं की चालू, संध्याकाळपर्यंत, वर्षाचे तीनशे दिवस, आणि पुढच्या लिटरचा खर्च शून्य. तळ लागेपर्यंत कोण थांबवणार?

गुजरातच्याच खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथे २०१६ मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. म्हणजे पंप बंद ठेवला तरी पॅनेल कमावतंय. पाणी उपसायचं की वीज विकायची, हा विचार शेतकऱ्याच्या मनात पहिल्यांदा आला. एका गावावरून राज्याची धोरणं ठरत नाहीत आणि विजेला मिळणारा दर कमी असला तर गणित उलटतं, हे मला मान्य आहे. पण 'पंप दिला, काम झालं' यापेक्षा हा विचार पुढचा आहे. ग्रिडला न जोडलेला पंप आणि ग्रिडला जोडलेला पंप यांत भूजलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या जाहिरातींत तो एका ओळीतही नसतो.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवणारं शेततळं उत्तमच. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात फिरलात तर प्लास्टिक अंथरलेली मोठमोठी तळी दिसतील. त्यांत पावसाचं पाणी नसतं. पावसाळ्यानंतर बोअर-विहिरीतून उपसून भरलेली असतात. सगळ्यांचं भूजल वर आणून एकाच्या नावावर साठवायचं, उन्हात थोडं उडू द्यायचं, आणि उन्हाळ्यात पुन्हा पंप लावून बागेला द्यायचं. एकाच पाण्याला दोनदा वीज. कागदावर मात्र ती 'जलसंधारणा'त मोजली जाते.

इथेनॉलचं एक वाक्यात सांगते. उसापासून इंधन केलं, २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, मग डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या आणि कोंबडीखाद्यवाले ओरडायला लागले. गाडीच्या टाकीतून निघालेला दोरा अंड्याच्या भावाला जाऊन मिळाला.

मग हे सगळं एकत्र कुणी पाहिलंच नाही का? पाहिलं, आणि ते इथूनच तासाभरावर. ७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. व्यवसायाने अभियंता-उद्योजक माणूस. नियम काय होते ते ऐका. उपसा योजना एकट्याला नाही, गटालाच. पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस नाही. या चार नियमांत पाणी, वीज आणि अन्न तिन्ही आले, नेक्सस हा शब्द यायच्या कितीतरी आधी. पंप सामायिक असल्याने वीज मोजली गेली, पाणी माणशी दिल्याने आधी भाकरीचं धान्य पिकलं. पुढे त्यातल्या बऱ्याच योजना बंद पडल्या, हेही सांगायला हवं. शेजारचा ऊसवाला अर्ध्या बिलात मोटार चालवत असेल, तर आपण शिस्त का पाळायची, हा प्रश्न प्रत्येक गटात कधी ना कधी उभा राहिला असणार.

हिवरे बाजारचं उदाहरण ऐकून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून एवढंच. तिथे दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअरला बंदी. लोक तिथली झाडं बघून येतात, फोटो काढतात. बघायला हवी ती ताळेबंदाची सभा.

बोलणं लांबलं. प्रश्न घेऊ.

प्रश्न : म्हणजे शेतकऱ्याचं वीजबिल वाढवा, असंच तुम्ही फिरवून सांगताय का?

नाही. बिल वाढवून उपसा कमी होईल, पण आधी कुणाचा? दोन एकरवाल्याचा. पंजाबने २०१८ मध्ये एक प्रयोग सुरू केला, 'पाणी बचाओ, पैसा कमाओ'. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा, आणि त्यातली जेवढी युनिट वाचतील तेवढ्याचे युनिटला चार रुपये रोख. म्हणजे सबसिडी काढून घ्यायची नाही, ती विजेच्या रूपात न देता पैशाच्या रूपात द्यायची. मला ही दिशा बरोबर वाटते. अडचण मीटरची. मीटर बसला की उद्या बिल येणार, अशी शेतकऱ्याला भीती आहे. आणि त्याचा आजवरचा अनुभव बघता ती भीती चुकीची आहे, असं मी त्याच्या तोंडावर म्हणू शकत नाही. त्यामुळे आधी विश्वास, म्हणजे वेळेवर डीपी, पूर्ण व्होल्टेज, दिवसाची वीज, आणि मग मीटर. उलटा क्रम चालत नाही.

प्रश्न : मी स्वतः ऊस लावतो. ऊस बंद करायचा म्हणता, मग लावायचं काय?

तुम्ही कुठले? ...पंढरपूर. बरं. कोल्हापूरच्या नदीकाठच्या शेतकऱ्याला मी 'ऊस सोडा' म्हणणार नाही, तिथे पाऊस आहे, नदी आहे. पण राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने कुठल्या जिल्ह्यात आहेत? तुमच्या-माझ्या सोलापुरात. जिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. ठिबक करा असं सांगतात, २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलंही होतं. ठिबकने पाणी नक्की वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आपण काय करतो? आणखी दोन एकर ऊस. तुम्ही हसताय, म्हणजे केलेलं दिसतंय.

लावायचं काय, याचं उत्तर माझ्यापेक्षा बाजाराने द्यायला हवं, आणि तिथेच आपण कमी पडतो. २०१६ ला सगळ्यांनी सांगितलं, तूर लावा, कमी पाण्यात येते, देश डाळ आयात करतोय. लोकांनी लावली, पाऊसही चांगला झाला, भरपूर पिकली. २०१७ ला खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, खरेदी बंद पडली, भाव हमीभावाच्या खाली गेला. पाणी आणि वीज वाचवणाऱ्या पिकाला तेव्हा अन्न खात्याने दार लावून घेतलं. मामांनी त्या वर्षी चार एकर तूर केली होती. पुढच्या हंगामात त्यांनी परत ऊस लावला, आणि मला फोनवर म्हणाले, 'तुझ्या व्याख्यानात सांग, कारखान्याची ट्रॉली दारात येते.'

वेळ संपली असं खुणावतायत. बाकीचे प्रश्न बाहेर बोलू.